बाटल्या धुवायचे तीन हजार

साडीची मोडलेली घडी दुकानात होती तशी परत घालायला शिकण्यात माझे चार दिवस गेले. पुढचे सात महिने मी तेच केलं. सकाळी साडेसात ते साडेबारा कॉलेज, दुपारी दोन ते रात्री साडेआठ मेन रोडवरचं दुकान. महिन्याला साडेचार हजार आणि दिवाळीला एक साडी. ही २०१८ ची गोष्ट. मी नाशिकला एस.वाय.बी.एस्सी.ला होते, विषय केमिस्ट्री. पप्पा पंचवटीतल्या मार्केट यार्डात मापाडी, आई घरी पापड-कुरडया करून द्यायची.

त्या दुकानात केमिस्ट्री एकदाच कामाला आली. एका बाईंना साडी रेशमाची आहे यावर विश्वास बसेना. आमच्या जुन्या सेल्समन काकांनी पदराचा एक धागा ओढून काडीने पेटवला. केस जळाल्यासारखा वास आला आणि धाग्याची राख झाली. मग शेजारच्या स्वस्त साडीचा धागा पेटवला, त्याची टोकाला काळी गोळी झाली. मी घडी घालता घालता म्हटलं, एक प्रोटीन आहे आणि दुसरं पॉलिएस्टर. काका म्हणाले, "तू घडी नीट घाल."

आपल्या विषयातलं काम शोधावं हे डोक्यात आलं ते तेव्हापासून. पण शोधायचं कसं, हे कुणी सांगत नव्हतं. नोकरीच्या साइटवर 'केमिस्ट्री, पार्ट टाइम, नाशिक' टाकलं की शिकवणीच्या जाहिराती यायच्या, नाहीतर 'फ्रेशर हवा, दोन वर्षांचा अनुभव आवश्यक' असं काहीतरी विनोदी. मैत्रिणीबरोबर सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत दोन दुपारी फिरले. औषधांच्या कंपन्यांच्या गेटवर वॉचमनच्या वहीत नाव लिहायचं आणि बाकावर बसायचं. आतून निरोप यायचा, डिग्री झाल्यावर या, तीन पाळ्यांत काम करावं लागेल. त्यांचंही बरोबर होतं. क्वालिटी कंट्रोलला अर्ध्या दिवसाचा माणूस घेऊन ते काय करणार?

कॉलेजात 'कमवा आणि शिका' होतं. कर्मवीर भाऊरावांनी ज्या विचाराने रयत शिक्षण संस्थेची पोरं स्वतःच्या कष्टावर शिकवली, त्याच मुळातून ही योजना आलेली, आणि माझ्या दोन वर्गमैत्रिणी तिच्याच जिवावर शिकत होत्या. पण काम लायब्ररीत पुस्तकं पुसायचं नाहीतर बागेत पाणी घालायचं. मी प्रयोगशाळेतलं काम मागितलं, तर तिथे शिपाई आहे असं उत्तर मिळालं.

शेवटी काम सापडलं ते पप्पांचा डबा पोचवताना. यार्डाजवळ दिंडोरी रोडला एक कृषी सेवा केंद्र आहे. त्याच्या काउंटरखाली कापडी पिशव्या रांगेने ठेवलेल्या दिसल्या, प्रत्येकीला सुतळीने चिठ्ठी बांधलेली. एका चिठ्ठीवर गावाचं नाव, गट नंबर, 'द्राक्ष, थॉमसन'. मी दुकानदाराला विचारलं, "काका, हे काय आहे?"

"माती."

"मातीचं काय करता?"

"तपासायला जाते."

"कुठे?"

त्यांनी म्हसरूळच्या पुढच्या एका लॅबचं कार्ड दिलं. इतकंच. निफाड-दिंडोरीची द्राक्षं वर्षानुवर्षं आमच्या घरासमोरून ट्रकने जात होती. त्या बागांच्या मागे कुणीतरी टायट्रेशन करत, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडून मोजत बसलेलं असतं, हे मला एकोणिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटायचं, केमिस्ट्री म्हणजे सातपूर.

लॅब एका बंगल्याच्या तळमजल्यावर होती. मालकांना सगळे सर म्हणत. मी फेब्रुवारीत गेले आणि म्हटलं, मला इंटर्नशिप करायची आहे. सर म्हणाले, "म्हणजे फुकट ना? फुकटचं माणूस मला नको. ते न सांगता सुट्टी घेतं." मग विचारलं, "एक नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट एक लिटर करायचं, किती ग्रॅम घेशील?" मी मनात त्याच्या रेणुभाराला, म्हणजे २९४ ला, ६ ने भागलं आणि एकोणपन्नास म्हणाले. "बरोबर. सोमवारपासून ये. दुपारी दोन ते सहा. तीन हजार देईन. आधी बाटल्या धुवायला शीक."

घरी हे सांगितल्यावर आईने लाटणं खाली ठेवलं. "घडी घालायचे साडेचार हजार मिळतात आणि बाटल्या धुवायचे तीन?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पप्पा म्हणाले, "कमी तास आहेत, जाऊ दे." आई महिनाभर रुसली होती. तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. दीड हजाराचा खड्डा आमच्या घरात कुणाला ना कुणाला दिसणारच होता. आपल्या क्षेत्रातलं काम करा असा सल्ला देणारे लोक हा खड्डा सहसा मोजत नाहीत.

पहिले तीन महिने खरंच बाटल्या धुतल्या. शिकवायला मावशी होत्या, चौथी शिकलेल्या. पहिल्याच दिवशी मी बेसिनवरची घरगुती धुण्याची पावडर उचलली तर त्या ओरडल्या, "ती फरशीची! त्याने बाटली धुतली की स्फुरद येतो." मी उभीच राहिले. त्या पावडरीत फॉस्फेट असतं. ते काचेला जरासं जरी चिकटलं, तरी मातीतलं फॉस्फरस, म्हणजेच स्फुरद, मोजताना निळा रंग गडद येतो आणि रिपोर्टवर स्फुरद भरपूर दिसतं. मग शेतकरी खताचा तो डोस टाळतो. मावशींना मॉलिब्डेनम ब्लू वगैरे काही माहीत नव्हतं, पण कुठल्या साबणाने कुणाचं नुकसान होतं ते पक्कं माहीत होतं. आधी नळाचं पाणी, मग लॅबचा साबण, मग पातळ ॲसिड, मग तीन वेळा डिस्टिल्ड वॉटर. चौथ्यांदा धुतलं तर त्या म्हणायच्या, पाणी विकत येतं.

मग मातीवर आले. नमुना सावलीत वाळवायचा, लाकडी खलात कुटायचा, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचा. लोखंडी खलबत्ता चालत नाही, लोह आणि जस्त मोजायचं असतं. एकदा एक आजोबा युरियाच्या रिकाम्या गोणीतून पाच किलो माती घेऊन आले. अर्धा किलो पुरते, आणि खताच्या गोणीतली तर अजिबात चालत नाही. सरांनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं : बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही. रानातून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा, सगळी माती मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. आजोबा म्हणाले, "एवढं करायचं तर मी लॅबच टाकली असती." पण आठ दिवसांनी आले, कापडी पिशवी घेऊन.

भाषेचीही गंमतच झाली. बारावीपासून सगळी केमिस्ट्री इंग्रजीत शिकलेली. शेतकऱ्याला पोटॅशियम म्हटलं की तो माझ्याकडे बघत राहायचा, पालाश म्हटलं की लगेच बोलायला लागायचा. नायट्रोजन म्हणजे नत्र, पीएच म्हणजे सामू, ऑरगॅनिक कार्बन म्हणजे सेंद्रिय कर्ब. सामू हा शब्द मला पहिल्यांदा एखाद्या मामाचं नाव वाटला होता. फ्लेम फोटोमीटर, म्हणजे ज्योतीच्या उजेडावरून पोटॅशियमसारखी मूलद्रव्यं मोजणारं यंत्र, आमच्या कॉलेजातही होता, कपाटात, प्लास्टिकचं कव्हर घालून. त्याच्यावर आम्ही दहा मार्कांचं उत्तर लिहायचो. लॅबमध्ये तो गॅसच्या शेगडीसारखा रोज पेटायचा आणि आकडे यायचे पालाशचे. आमच्याकडच्या काळ्या जमिनीत पालाश बहुधा चांगलाच निघतो, तरी लोक पोत्याने टाकतात.

ऑगस्टपर्यंत सर मला कर्बाची टायट्रेशन्स एकटीला करू द्यायला लागले. आता मी जो घोळ घातला तो सांगते.

कर्ब काढायची पद्धत अशी. एक ग्रॅम मातीत दहा मिली डायक्रोमेट आणि वीस मिली सल्फ्युरिक ॲसिड घालायचं आणि अर्धा तास ठेवायचं. मातीतल्या कर्बाने जितकं डायक्रोमेट खाल्लं ते गेलं, उरलेलं फेरस अमोनियम सल्फेटने मोजायचं. जांभळट निळा रंग एका थेंबात हिरवा होतो, तिथे थांबायचं. सोबत एक फ्लास्क बिनमातीचा चालवायचा, तो ब्लँक. त्यातून मातीचं रीडिंग वजा केलं की कर्ब कळतो. फेरसचं द्रावण हवेने हळूहळू कमजोर होतं, म्हणून ब्लँक त्या त्या दिवशी नवा काढायचा.

त्या दिवशी मला उशीर झाला होता. वहीत आठवड्यापूर्वीचा ब्लँक होता, २० मिली. मी तोच धरला. अठरा नमुने होते. अकराव्याचं रीडिंग आलं २०.१. वजाबाकी केली तर उत्तर उणे. म्हणजे एका शेतकऱ्याच्या रानात शून्यापेक्षाही कमी कर्ब!

आता कॉलेजात काय करायचो ते सांगायला हवं. कॉलेजात प्रत्येक टायट्रेशनचं उत्तर आधीच फुटलेलं असायचं. आदल्या बॅचची मुलं जिन्यातच सांगायची, अकरा पूर्णांक दोन येतंय. मग आम्ही तीन रीडिंगं लिहायचो : ११.२, ११.३, ११.२. जर्नल नीट, सही नीट. दोन वर्षांत माझ्या हाताला ती सवय लागली होती. त्यामुळे लॅबच्या वहीतही मी २०.१ च्या जागी १७ लिहिलं. कर्ब आला ०.४५ टक्के. चांगला दिसत होता.

संध्याकाळी सरांनी वही बघितली. "आजचा ब्लँक कुठाय?" मी गप्प. मग त्यांनी बोट ठेवलं. "सगळे शून्य पूर्णांक एक ते तीनच्या आत आणि हा एकटाच पंचेचाळीस? हे सतरा कुठून आलं?"

मी खरं सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं, पण म्हणाले, "अठराही परत कर." मी चाचरत म्हटलं, नवा ब्लँक काढून हिशोब बदलला तरी चालेल, बाकीची रीडिंगं खरी आहेत. केमिस्ट्रीच्या दृष्टीने माझं बरोबरच होतं. सर म्हणाले, "एक आकडा तू मनाने लिहिलास. बाकी सतरा मी कशावरून खरे धरू?"

साडेआठ वाजले. नवा ब्लँक २०.९ आला. अकराव्या नमुन्याचा कर्ब निघाला ०.११. मुरमाड रान असणार. ०.४५ म्हणून सांगितलं असतं तर त्या माणसाने शेणखत निम्म्यावर आणलं असतं, कदाचित.

बाहेर पप्पा एम-८० घेऊन थांबले होते. रस्त्यात मी सगळं सांगितलं, ब्लँक म्हणजे काय तेही. त्यांनी म्हसरूळच्या सिग्नलपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तू पासंग न बघता तोललंस."

आता इलेक्ट्रॉनिक काटे आलेत, त्यामुळे हा शब्द कदाचित सगळ्यांना माहीत नसेल. जुन्या तराजूची दोन्ही पारडी रिकामी असताना समान राहतातच असं नाही. जे पारडं हलकं, त्याला खडा नाहीतर तारेचा तुकडा बांधून दांडी सरळ करतात. त्याला पासंग म्हणतात. पप्पा पहाटे यार्डात गेले की आधी रिकामी पारडी बघायचे आणि मगच पहिली गोणी. तीन वर्षं इंग्रजीत शिकवलेली गोष्ट त्यांनी एका शब्दात सांगितली होती. पुढे थोड्या वेळाने त्यांनी एवढंच जोडलं, "आणि वर आकडा मनाने ओरडलीस. यार्डात माझं लायसन्स गेलं असतं."

घरी आईला यातलं काही सांगितलं नाही.

आता मला कुणी विचारतं की विषयातलं काम कसं शोधावं, तेव्हा मी पहिल्यांदा हेच म्हणते की साइट बंद कर आणि तुझा विषय विकत कोण घेतं ते बघ. दूध संकलन केंद्रात सकाळी फॅट कोण काढतं? साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गाळप हंगामात माणसं कमी पडतात आणि हंगाम संपला की कुणी नको असतं. तिथे दसऱ्याच्या आधी जा, मार्चमध्ये जाऊन उपयोग नाही. माझं काम झालं कारण मी फेब्रुवारीत गेले. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी झाली की पानांचे देठ तपासायची गर्दी सुरू होणार होती आणि सरांकडे शिकवायला दोन महिने मोकळे होते. ऐन ऑक्टोबरच्या, फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर गेले असते तर कार्डसुद्धा घेतलं नसतं. 'इंटर्नशिप' हा शब्द लहान जागी वापरू नका, 'दुपारचं माणूस हवंय का' असं विचारा. आता नव्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगचे क्रेडिट आलेत, ते चांगलंच झालं. पण शिक्क्याचं पत्र मिळवण्यापुरते ते तास भरणारी मुलंही मी पाहिली आहेत. जिन्यातल्या अकरा पूर्णांक दोनसारखंच ते.

आणि पत्राचं आधी बोलून घ्या. मी घेतलं नाही. सरांनी खूप शिकवलं, सहा महिन्यांनी चार हजार केले, पण ऑक्टोबरच्या परीक्षेला सुट्टी घेतली तर तेवढे पैसे कापले. आणि शेवटी अनुभवाचं पत्र मागितलं तर त्यावर 'मदतनीस' असं लिहून दिलं. टायट्रेशन, फ्लेम फोटोमीटर, देठांचं डायजेशन (ॲसिडमध्ये विरघळवणं), कशाचाच उल्लेख नाही. ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत ते पत्र मी दाखवलंही नाही. ब्लँक का घेतात एवढं मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं. मी इंग्रजीत उत्तर दिलं, पण डोळ्यांसमोर तारेचा तुकडा होता.

देठांचं थोडं सांगायचं राहिलं. द्राक्षाची वेल फुलोऱ्यात आली की घडासमोरचं पान घेतात, तिथेच पातं तोडून टाकतात आणि फक्त देठ आणतात, पाऊणशे-शंभर. ते धुऊन, ओव्हनमध्ये वाळवून, दळून तपासायचे. मातीत काय आहे ते माती सांगते, वेलीने त्यातलं उचललं किती ते देठ सांगतो. २०१९ च्या ऑक्टोबरात सप्टेंबरला छाटलेल्या बागांचे देठ यायला लागले. दिवाळीच्या सुमारास अरबी समुद्रात आधी 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' वादळ आलं. आमच्याकडे वादळ काही आलं नाही, पाऊस मात्र थांबेना. फुलोऱ्यातल्या बागांत गळ, कुज आणि डावणीचा रोग. बागलाणच्या लवकर छाटलेल्या अर्ली बागा तर तयार मालासकट गेल्या.

लॅबमध्ये अचानक शांतता झाली. रिपोर्ट छापून तयार होते, न्यायला कुणी येईना. लाकडी खणात वीस-बावीस लिफाफे साचले. निम्म्यांचे पैसे यायचे होते. सरांनी यादी माझ्या हातात दिली आणि फोन लावायला सांगितलं, पैशाचं काढू नकोस म्हणाले. तेही लिहायला हवं, पत्राचं लिहिलं तर.

बहुतेकांनी बरं म्हणून फोन ठेवला. निफाड तालुक्यातले एक काका जरा बोलले. माती आणि देठ, दोन्हींचे नमुने होते त्यांचे. म्हणाले, "ताई, देठाचा फाडून टाका. मातीचा ठेवा. एप्रिलला छाटणीच्या आधी येतो."

एप्रिलमध्ये लॉकडाऊन लागलेलं होतं. त्यांना येता येणार नव्हतं, मलाही लॅबला जाता येत नव्हतं. सरांच्या कॉम्प्युटरवर रिपोर्ट होता, तो मागवून घेतला आणि त्या काकांना व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन खुणा निळ्या झाल्या. मग बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं आणि प्रश्न आला :

"सामू ८.४ लिहिलाय. म्हंजे काय करायचं ताई?"

मी लाटणाऱ्या आईच्या शेजारी पाट घेतला आणि उत्तर लिहायला बसले.